गुडघ्याशीच का फाटतो? लार्पसाठी किड्याचा वेश टिकाऊ करताना

तक्रार नेहमी एकच असते. वेश घरी आरशासमोर छान दिसतो, पहिल्या दिवशी फोटोत छान येतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गुडघ्याच्या वर आडवी चीर पडलेली असते. टेप लावून वेळ मारून न्यायची, घरी येऊन तिथेच आणखी गोंद भरायचा, आणि पुढच्या खेळाला पुन्हा तिथेच, फार तर बोटभर अंतरावर, नवी चीर. माझ्या वेशाचं सलग दोन उन्हाळे हेच झालं. तिसऱ्या वर्षी मी तो पुरता उसवला आणि नव्याने बांधला. त्यानंतर चार खेळ झाले, गुडघा शाबूत आहे. काय चुकत होतं आणि काय बदललं ते सविस्तर लिहिते, कारण किड्याचा वेश करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला मी याच जागी अडलेलं पाहिलं आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लार्प म्हणजे लाइव्ह अ‍ॅक्शन रोल प्ले. एक कथा ठरते, प्रत्येकाला एक पात्र असतं आणि दोन ते पाच दिवस आपण रानात किंवा एखाद्या जुन्या गढीच्या आवारात ते पात्र होऊन राहतो. मी राहते त्या जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्यात ब्रोकेलोह नावाचं लहानसं गाव आहे, तिथे उन्हाळ्यात या खेळासाठी हजारो माणसं तंबू ठोकतात. लढाया फोमच्या तलवारींनी होतात: आत फायबरग्लासची काठी, भोवती जाड फोम, त्यावर लेटेक्सचा थर. तलवार मऊ असली तरी धावणं, पडणं, चिखलात गुडघे टेकणं, झुडपातून घुसणं हे सगळं खरं असतं. फोटोपुरत्या घातलेल्या वेशावर हा ताण कधी येतच नाही. इथे वेश घालून जेवायचं असतं, उकिडवं बसायचं असतं, पावसात भिजायचं असतं.

माझं पात्र गेंडा भुंग्याचं आहे. गुहागरजवळ आमची नारळाची थोडी झाडं आहेत आणि गेंडा भुंगा तिथला जुना शत्रू. तो नारळाचा न उलगडलेला कोंब पोखरतो, मग ती झावळी उघडली की कात्रीने कापल्यासारख्या त्रिकोणी खाचा दिसतात. बाबा तारेच्या आकड्याने त्याला भोकातून ओढून काढायचे. तो मेलेला भुंगा तळहातावर घेऊन मी कितीतरी वेळ बघत बसायचे. काळपट तपकिरी चकचकीत कवच, मागे वळलेलं शिंग, पोटाखालची तांबूस लव. जर्मनीत आल्यावर कळलं की त्याच्याच ओरिक्टेस प्रजातीतला एक भाऊबंद इथेही कंपोस्टच्या ढिगात आणि लाकडाच्या भुशात वाढतो. तेव्हा पात्र कोणतं घ्यायचं हे ठरूनच गेलं.

चीर काय सांगते

दुरुस्तीला हात घालण्याआधी फाटलेली जागा उजेडात धरून बघा. फोम म्हणजे इथे ईव्हीए शीट, चपलांच्या तळव्याला आणि व्यायामाच्या मॅटला वापरतात त्याच जातीचं. त्यात बिघाड तीन प्रकारचा असतो आणि तिन्हींची कारणं वेगळी. गडबड होते ती इथेच. लोक तिन्हींवर एकच उपाय करतात, तो म्हणजे आणखी गोंद.

जोड स्वच्छ उकलला असेल, दोन्ही कडा गुळगुळीत असतील आणि एका कडेवर गोंदाचा चकचकीत पापुद्रा दिसत असेल, तर गोंद धरलाच नव्हता. हे सोपं प्रकरण आहे. चांभार वापरतात तो रबराचा गोंद, म्हणजे भारतात फेविकॉल एसआर आणि इथे पॅटेक्सचा क्राफ्टक्लेबर, दोन्ही कडांना लावायचा असतो आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं असतं. बोट लावल्यावर चिकटला नाही, की मगच दोन्ही कडा एकमेकींवर जोर देऊन दाबायच्या. किती वेळ दाबलं यापेक्षा किती जोराने दाबलं याला महत्त्व. ओला असताना चिकटवला तर आतला द्रव अडकून राहतो आणि जोड कायमचा कच्चा राहतो. शीटची एक बाजू कारखान्यातूनच गुळगुळीत येते, तिच्यावर आधी १२० नंबरचा पॉलिशपेपर फिरवा. हे काम खिडक्या उघड्या ठेवून करा, त्या वासाने डोकं जड होतं ते उगाच नव्हे. ग्लू गनने केलेले जोड मात्र या खेळासाठी विसराच. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत ते नुसत्या उष्णतेने सुटतात.

फोम धड आहे आणि फक्त रंगाला जाळं पडलंय, तर ते रंगाचं दुखणं आहे. त्याच्याकडे पुढे येते.

तिसरा प्रकार माझा होता आणि बहुधा तुमचाही असेल. गोंदाचा जोड जसाच्या तसा घट्ट आहे आणि त्याला लागून, दोन-तीन मिलिमीटरवर, फोम स्वतःच फाटलाय. चिरेच्या दोन्ही कडा खडबडीत, ब्रेड मोडल्यावर दिसतो तशा. याचा अर्थ गोंदाने आपलं काम चोख केलं. वाळलेल्या गोंदाची रेघ शेजारच्या फोमपेक्षा कडक होते. पाय वाकला की फोम ताणायला बघतो, गोंदाची रेघ ताणत नाही, आणि सगळा ताण त्या दोघांच्या सीमेवर गोळा होतो. तिथे कटरची एखादी बारीक खाच असली तर चीर तिथून धावते. अशा ठिकाणी आणखी गोंद भरणं म्हणजे कडक पट्टा आणखी रुंद करणं. पुढची चीर त्या नव्या पट्ट्याच्या काठाला पडते, आणि म्हणून ती दर वेळी बोटभर सरकलेली दिसते.

ताण किती पडतो ते स्वतःच्या अंगावर मोजून बघा. सरळ उभं राहून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापासून वर १० आणि खाली १० सेंटिमीटरवर पेनाने खूण करा. आता उकिडवं बसा आणि तेच अंतर वाटीवरून टेप नेऊन पुन्हा मोजा. माझ्या पायावर २० चे २७ झाले. म्हणजे प्रत्येक बैठकीला फोमला आपल्या लांबीच्या एक तृतीयांशाहून जास्त ताणावं लागतं. त्याच वेळी गुडघ्याच्या मागे तोच फोम चुरगळून लवणीत रुततो. दोन दिवसांच्या खेळात आपण किती वेळा बसतो-उठतो, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. फोम ठेवतो.

मी केलेले चुकीचे उपाय

पहिल्या उन्हाळ्यात ५ मिलिमीटरचं शीट होतं. शनिवारच्या दुपारच्या लढाईत मी गुडघ्यावर आले आणि उजवा पाय आडवा उसवला, संध्याकाळपर्यंत कोपरही. मला वाटलं, शीट पातळ होतं. पुढच्या वर्षी १० मिलिमीटरचं घेतलं. जाड शीट वाकवताना बाहेरच्या बाजूला जास्त ताण येतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही. ते आणखी लवकर फाटलं, आणि पाय वाकवायला जोर लागल्याने मांड्या भरून आल्या त्या वेगळ्याच. मग चिरेच्या आतून जाड कापडाची पट्टी चिकटवली. कापड ताणत नव्हतं, त्यामुळे पट्टीच्या वरच्या काठाला नवी चीर. शेवटी सुई-दोऱ्याने फोम थेट शिवून टाकला. पोस्टाच्या तिकिटाला भोकं का पाडतात ते तेव्हा कळलं. टाक्यांच्या रेषेतून शीट सरळ फाटलं.

त्या रविवारी आईशी व्हिडिओवर बोलताना तो पाय तिला दाखवला. आई तीस वर्षं गावात शिवणकाम करते. तिने तो वर-खाली, आत-बाहेर करायला लावला आणि विचारलं, "सांध्यावर कडक माल घातलायसच कशाला?"

"अगं आई, किड्याचं कवच आहे ते. सगळीकडे कडकच दिसायला हवं."

"दिसू दे की. पण तिथे माया कुठे ठेवलीस? ब्लाउजची बगल अशी बेतली असतीस तर पहिल्यांदा हात वर केल्यावर फाटली असती. बगलेत चौकोनी तुकडा घालतो ना आपण? उरेब, म्हणजे तिरकं कापून घाल. आणि चिकटवू नको, शिव."

फोन ठेवल्यावर मी कोळंबी सोलायला घेतली. ती गोठवलेली होती, नुकती पाण्यात सोडलेली. आईचं बोलणं डोक्यात होतं म्हणून असेल, पण आयुष्यात हजारदा पाहिलेली कोळंबीची पाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. कवचाच्या पट्ट्या एकीवर एक सरकलेल्या असतात, कौलांसारख्या. शेपटीकडून हळूच ओढलं की दोन पट्ट्यांमध्ये कागदासारखा पातळ, जवळजवळ पारदर्शक पडदा दिसतो. पाठ वाकते तेव्हा पट्टी जराही वाकत नाही. ती शेजारच्या पट्टीखाली सरकते आणि तो पडदा घडी घालतो. कोळंबी, खेकडा आणि भुंगा एकाच मोठ्या कुळातले, अंगाबाहेर सांगाडा घेऊन फिरणारे, आणि सगळ्यांच्या सांध्याची युक्ती हीच. कडक पट्टी कडक पट्टीला कुठेही थेट जोडलेली नसते, मध्ये मऊ कातडं असतं. मी दोन वर्षं किड्याचं कवच करत होते आणि किड्याचं कातडं विसरले होते.

नवा गुडघा

आता वेश दोन थरांचा आहे. आत अंगाला बेताने बसणारी डांगरी, जाड सुती ड्रिलची. वेश अंगावर धरून ठेवायचं सगळं काम तिचं. फोमच्या पट्ट्या तिच्यावर नुसत्या बसलेल्या आहेत, त्यांच्यावर कसलाही भार नाही. डांगरीच्या गुडघ्याला, कोपराला, बगलेत आणि कमरेला मूळ कापड कापून काढलं आणि त्या जागी लायक्राचे तुकडे शिवले, दुहेरी, जवळजवळ काळ्या तपकिरी रंगाचे. लायक्रा नसेल तर सुती कापड उरेब कापून, दोन-तीन चुण्या ठेवून घातलं तरी चालतं, मी डाव्या कोपराला तसंच केलंय आणि ते तितकंच टिकलंय. रंग गडद ठेवण्यामागे कारण आहे. पट्ट्यांच्या फटीतून दिसणारा तो काळपट भाग खऱ्या किड्याच्या सांध्यासारखा दिसतो. लपवायची गोष्ट वेशाची शोभा होऊन बसते.

फोमची पट्टी सांध्यापासून दोन बोटं मागेच थांबवायची. मांडीचं कवच वाटीच्या वर दोन बोटं संपतं, नडगीचं कवच वाटीखाली दोन बोटांवर सुरू होतं. मधल्या जागेवर तीन अरुंद पट्ट्या, प्रत्येकी सुमारे ६ सेंटिमीटर रुंद, एकमेकींवर ३ सेंटिमीटर चढलेल्या. वरची पट्टी खालचीवर यायला हवी, कौलांचा नियम तोच. पाणी खाली ओघळतं आणि वरून बसलेला तलवारीचा फटका पट्टीच्या फटीत अडकत नाही. मी एका कोपराला उलट चढवल्या होत्या, तर झुडपातली प्रत्येक काटकी आत शिरत होती.

पट्टी डांगरीला कशी जोडायची, हा या सगळ्यातला कळीचा भाग आहे. प्रत्येक पट्टीच्या मागच्या बाजूला होजिअरीचं, म्हणजे बनियनचं असतं तसं, कापड पूर्णभर चिकटवा. वरच्या कडेला हे कापड फोमच्या बाहेर दोन सेंटिमीटर राहू द्या, साडीची किनार बाहेर डोकावते तसं. मग ती कापडाची कड डांगरीला शिवा, दोन टिपा मारून. सुई फोममध्ये कुठेही जात नाही. पट्टी फक्त वरच्या कडेने लटकते, खालची कड मोकळी, म्हणजे ती सरकू शकते. आणि गोंदावर येणारा ताण बदलतो. भिंतीवर चिकटवलेला कागद कोपऱ्यातून उचकटला तर सहज निघतो, पण तोच कागद भिंतीला समांतर ओढून काढायचा म्हटलं तर घाम फुटतो. गोंद उचकटण्याला कच्चा आणि सरकण्याला पक्का. पूर्ण पाठीवर चिकटवलेलं कापड गोंदाला दुसऱ्या प्रकारचंच काम देतं.

उरलेल्या दोन-तीन बारीक गोष्टी कंटाळवाण्या आहेत पण चुकवू नका. पट्टीचे सगळे कोपरे गोल करा, काटकोनातून चीर सुरू होते. एखादी पट्टी सांध्याच्या बाजूने थोडी आत घ्यायची असेल आणि खाच पाडावीच लागली, तर खाचेच्या टोकाला आधी पंचने गोल भोक पाडा आणि तिथपर्यंतच कापा. कटरचं पातं दर दोन-चार पट्ट्यांनंतर बदला, बोथट पात्याने कापलेली कड फाटलेलीच असते. आणि पट्टीची खालची कड आतून तिरकी तासून पातळ करा, म्हणजे खालच्या पट्टीवरून ती अडखळत नाही.

शिवून झाल्यावर रंगाआधी पन्नास उठाबशा काढा. खरंच काढा. कुठे पट्टी पट्टीला अडते, कुठे टाका ओढला जातो, ते या पन्नासांत कळतं, आणि या टप्प्यावर उसवायला काही वाटत नाही.

रंगाला पडणारं जाळं

ताज्या कोळंबीची पाठ वाकते, सुकटीची मोडते. मेलेल्या भुंग्याचंही तसंच, वाळल्यावर पाय हलवायला गेलं की सांध्यातून तुटतो. कीटकांचे नमुने जपणारे लोक म्हणून आधी त्याला दमट डब्यात ठेवून मऊ करतात आणि मगच पाय पसरवतात. रंगाचं गणित यापेक्षा वेगळं नाही. साधा अ‍ॅक्रिलिक रंग वाळला की सुकट होतो.

आधी हीट गन फोमवरून फिरवा. पृष्ठभागावर हलकी चमक आली की बारीक छिद्रं मिटली, मग रंग शोषला जात नाही. त्यावर प्लास्टी डिपसारख्या रबरी लेपाचे तीन पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन. त्यावर अ‍ॅक्रिलिक, पण कापडावर रंगवताना मिसळतात ते माध्यम त्यात घालून. स्वस्तात करायचं म्हणून पुष्कळ जण रबरी लेपाऐवजी पांढरा फेविकॉल पाण्यात कालवून लावतात. घरातल्या नाटकाला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला तो उत्तम आहे. पण भिजला की पुन्हा दुधाळ आणि चिकट होतो, म्हणून उघड्यावरच्या खेळाला नको.

रंग लावण्याआधी फोमच्या कातरणावर सगळे थर चढवून एक दिवस ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ते कातरण वीस वेळा दुमडा. जाळं पडलं तर ते तिथेच पडू दे.

भुंग्याची चमक हवी असेल तर काळ्यावर गडद तपकिरी आणि अगदी शेवटी, फक्त उंचवट्यांवर, तांबूस झाक असलेला चमकीचा रंग कोरड्या ब्रशने ओढायचा. सपाट भाग चमकवू नका. खऱ्या भुंग्याचंही सगळं अंग सारखं चमकत नाही, जिथे प्रकाश पडतो तिथेच ती तांबूस रेघ उमटते.

मिशा, शिंग आणि मधले पाय

मिशा नेहमी मुळाशी तुटतात, कारण आपण त्या डोक्याच्या पृष्ठभागावर उभ्या चिकटवतो. सगळा झोका त्या रुपयाएवढ्या गोंदावर येतो. बांधकामात फटी भरायला मिळते ती गोल फोमची दोरी, बॅकर रॉड म्हणतात तिला, मिशांसाठी छान आहे. हलकी, मऊ, कोणाला लागली तरी सहसा इजा न करणारी. तिच्यावर लायक्राची नळी चढवा. शिरस्त्राणाला भोक पाडा, मिशी आतून बाहेर ओवा आणि आतल्या बाजूला तिच्या बुडाला फोमची तळहाताएवढी चकती राहू द्या. ओढलं तर चकती अडते, धक्का बसला तर मिशी भोकात डोलते. मिशीत तार घालू नका. ती वाकवून छान आकार देता येतो हे खरं, पण लढाईत दुसऱ्याच्या चेहऱ्याशी तुमचं डोकं जातं, आणि खेळाआधी वेशाची तपासणी करणारे लोक तार दिसली की बाजूला काढतात. ते बरोबरच करतात. शिंगालाही हाच नियम. माझं शिंग आतून पोकळ आहे आणि टोक लिंबाएवढं गोल.

मधल्या पायांची जोडी हा किड्याच्या वेशाचा सगळ्यात देखणा आणि सगळ्यात अडकणारा भाग. ती हातांबरोबर हलावी म्हणून कोपरापासून तिच्या टोकापर्यंत मासे पकडायचा नायलॉनचा दोरा बांधतात. दिसतं सुंदर. पण झुडपात एक पाय अडकला की तो बरगडीपाशी डांगरीचं कापडच घेऊन निघतो. मी तिथे पक्कं शिवण्याचा नाद सोडला. पाल शेपटी टाकून पळते, तसं करायचं. प्रत्येक पाय चार मोठ्या टिचबटणांवर बसवला आहे आणि दोऱ्यालाही एक टिचबटण आहे, म्हणजे अडकला की टचकन सुटतो, लढाई संपल्यावर उचलून पुन्हा लावायचा. बटणं डांगरीवर थेट नकोत, खाली कॅनव्हासचा तुकडा शिवून त्यावर ठोका.

पाठीची शिवण

पाठीवरची दोन कवचं, म्हणजे भुंग्याचे कडक पंख, मधोमध मिळतात तिथे चीर पडते, मुख्यतः पाठीवर पडल्यावर. इथे मला एका खऱ्या किड्याने मदत केली. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेला एक भुंगा सापडतो, फ्लिओड्स डायबॉलिकस नावाचा. त्याचे हे पंख कायमचे जुळलेले असतात, तो उडत नाही. २०२० साली 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार तो १४९ न्यूटनपर्यंत दाब सहन करतो, म्हणजे साधारण १५ किलोचं ओझं, स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३९,००० पट. त्याचं एक रहस्य मधल्या शिवणीत आहे. दोन्ही कडा जिगसॉ कोड्याच्या तुकड्यांसारख्या एकमेकींत अडकतात, आणि जोर फार झाला तर तुकड्यांच्या अरुंद मानेशी तुटण्याऐवजी त्यांचे थर आतल्या आत थोडे सुटतात, त्यात जोर जिरतो.

फोममध्ये तितकं बारीक काम होत नाही, पण मी मधली शिवण सरळ न कापता नागमोडी कापली, चार-चार सेंटिमीटरची गोलसर वळणं, दोन्ही कडांना एकाच कागदी साच्यावरून. गोंद लावायला जास्त लांबीची कड मिळते आणि सरळ रेघ नसल्याने चिरेला धावायला वाट राहत नाही. मागून होजिअरीचं कापड आहेच. ज्यांना कवच उघडून आतले पारदर्शक पंख दाखवायचे आहेत त्यांनी मात्र खांद्यापाशी बिजागरीचा हट्ट धरू नये. तिथे चार सेंटिमीटर रुंद इलॅस्टिक लावा. टोळाच्या पंखाच्या मुळाशी रेझिलिन नावाचं रबरासारखं प्रथिन असतं, टॉर्केल वाइस-फोग या डॅनिश प्राणिशास्त्रज्ञाने १९६० मध्ये ते जगासमोर आणलं. पंख ताणला की ते ताणतं आणि सोडला की जवळजवळ सगळी ताकद परत देतं. इलॅस्टिक तेवढं दर्जेदार नसतं, वर्षातून एकदा बदलावं लागतं, पण पंख आपोआप जागेवर येतो.

डोळे आणि उकाडा

डोळ्यांना प्लास्टिकचे घुमट लावले तर आतून धुकं धरतं, आणि कोणताही स्प्रे दुसऱ्या दिवशी उपयोगाचा राहत नाही. मच्छरदाणीची जाळी दुहेरी ताणून लावा, फक्त बाहेरून रंगवा, आतून काळी ठेवा. बाहेरून डोळा भरीव दिसतो, आतून स्पष्ट दिसतं, आणि वारा खेळतो.

उकाड्याकडे दुर्लक्ष करू नका. या फोममधून हवा आरपार जात नाही. पट्ट्या एकमेकींवर चढतात त्या झाकलेल्या भागात पंचने रांगेने भोकं पाडली की बाहेरून दिसत नाहीत आणि वाफ निघून जाते. तरीही ऑगस्टच्या दुपारी अर्ध्या तासाने शिरस्त्राण काढून, सावलीत बसून पाणी पिणं हा माझा पक्का नियम आहे. सोबत एक माणूस असा हवा, ज्याला तुमचं शिरस्त्राण मागून कसं उघडायचं ते माहीत आहे. शेकोटीपासूनही लांब राहा, हा फोम पेट घेतो आणि जळता जळता ठिबकतो.

खेळावर नेताना आणि परत आल्यावर

माझ्या पिशवीत मेण लावलेला जाड दोरा, दोन सुया, गोंदाची छोटी ट्यूब, सहा टिचबटणं आणि होजिअरीच्या कापडाचे हातरुमालाएवढे दोन तुकडे असतात. टेप लावायचीच वेळ आली तर आतून लावा, बाहेरून लावलेली टेप काढताना रंग घेऊन येते. सेफ्टी पिन तंबूत ठीक, लढाईला उभं राहताना अंगावर एकही नको. प्लास्टिकचे केबल टायही नको, कापलेलं टोक ब्लेडसारखं लागतं.

भिजलेला वेश हीटरजवळ किंवा शेगडीजवळ वाळवला तर पट्ट्यांचा बाक बदलतो आणि त्या पुन्हा एकमेकींवर बसत नाहीत. रुंद खांद्याच्या हँगरवर सावलीत लटकवा. डांगरी आतून साबणाच्या कोमट पाण्याने स्पंजने पुसून घ्या आणि उलटी करून वाळू द्या, घामाचं मीठ काखेतल्या शिवणीचा दोरा सगळ्यात आधी खातं. घडी घालून ट्रंकेत कोंबू नका, फोमला पडलेली घडी कायमची राहते. माझा वेश मागच्या पावसाळ्यात मी गावी नेला होता, आईला दाखवायला. तिथल्या दमट हवेत पंधरा दिवसांत डांगरीच्या आत बुरशीचे ठिपके आले आणि तलवारीचा लेटेक्स स्वतःलाच चिकटायला लागला. कोकणात ठेवायचा असेल तर कपाटात न ठेवता पंख्याखाली उघडा टांगा, आणि लेटेक्सच्या वस्तूंना टाल्कम पावडर चोळून ठेवा.

आईने त्या वेळी गुडघ्याचा तुकडा उलटा करून टीप तपासली. एका जागी दुसरी टीप सुटली होती, माझ्या लक्षातही आलं नव्हतं. तिने तिथेच मशीनला बसून ती पुन्हा मारली आणि दोऱ्याची दोन्ही टोकं गाठवून कापली. तेव्हापासून प्रत्येक खेळाआधी मी सगळे सांधे उलटे करून बघते.